आबांच्या तोंडचं वाक्य

आमच्या कुस्तीच्या गेममध्ये एक वाक्य होतं. ते आबांच्या आवाजात होतं, पण आबा तसं कधी बोललेच नव्हते. ते वाक्य मी बनवलं होतं, कुपवाडच्या एका वर्कशॉपच्या माडीवर, दुपारचा डबा खाऊन झाल्यावर, कानाला हेडफोन लावून. बनवताना मला मजा आली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी स्वतःला बिचारी करून दाखवीन अशी मला भीती वाटते.

आबा माझे नातेवाईक नव्हेत. आमच्याकडे जत्रेत कुस्तीचं मैदान भरतं, तेव्हा हातात माइक घेऊन पैलवानांची ओळख करून देणारा, डाव समजावून सांगणारा, उठणाऱ्या लोकांना दटावून खाली बसवणारा एक निवेदक असतो. कराडच्या अलीकडे-पलीकडे तीसेक वर्षं ते काम आबांनी केलं होतं. त्या वाक्यामुळे त्यांनी माइक कायमचा खाली ठेवला.

आमचा स्टुडिओ म्हणजे तिघं जण आणि चार टेबलं. खाली लेथ चालायचे, वर आम्ही गेम करायचो. वर्कशॉप ज्याच्या वडिलांचं, तो आमचा भागीदार. पुण्यात चार वर्षं नोकरी करून 'आपलं काहीतरी करू' म्हणत तो परत आला होता. दुसरा आटपाडीचा, कोड लिहिणारा. दिवसभरात तो दहा वाक्यं बोलायचा आणि त्यातली सहा कॉम्प्युटरला दिलेल्या शिव्या असायच्या. तिसरी मी. माझ्याकडे चित्रं नव्हती, कोड नव्हता, म्हणून आवाजाचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि काही महिन्यांतच ते मला इतकं आवडायला लागलं की घरी कुकरची शिट्टीसुद्धा मी फोनवर रेकॉर्ड करायला लागले. आई म्हणायची, पोरगी कामातून गेली.

पहिला गेम उसाच्या ट्रॅक्टरचा. दोन ट्रॉल्या भरून ऊस कारखान्यापर्यंत न्यायचा, एवढंच. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं लावली की ड्रायव्हरला झोप येत नसे, पण मागून ऊस ओढणाऱ्या पोरांचा आवाजही ऐकू येत नसे. ही अक्कल माझी. सांगली-साताऱ्याकडे लोकांनी तो आवडीनं खेळला. बाहेरच्यांना मात्र कळेना की हा माणूस दोन ट्रॉल्या का ओढतोय आणि लोक त्याचा ऊस का खातायत. दुसरा गेम शिराळ्याच्या नागपंचमीवर करायचा ठरला. दोन महिने काम झाल्यावर आटपाडीच्या आमच्या मित्रानं विचारलं, "ह्यात हरायचं म्हंजे काय? कोन मरनार, मानूस का नाग?" दोघांपैकी कोणालाच मारायची आमची छाती नव्हती. गेम तिथेच गुंडाळला. सापाचा एक गेम जुन्या फोनवर फुकटच मिळायचा, तो पुरे होता.

मग कुस्ती. ती कल्पना भागीदाराची, पण तिच्यात आबा आणले मी.

कुस्तीच्या मैदानात मी तोवर एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आमचं घर जैनांचं, सांगलीजवळच्या गावात, वडिलांचा हळदीचा व्यापार. जत्रेच्या दिवशी आम्ही पोरीबाळी गच्चीवर बसायचो आणि मैदानातला आवाज कर्ण्यातून यायचा. दिसायचं काही नाही. हलगी आणि आबांचा आवाज, तेवढ्यावर सगळी कुस्ती आम्हाला दिसायची. कोण खाली आहे, कुणाचा दम उखडला, कुणी कसा डाव उलटवला, सगळं त्या आवाजात होतं. म्हणून गेमसाठी निवेदक शोधायची वेळ आली तेव्हा मला दुसरा कोणी सुचलाच नाही. पत्ता काढून मी आणि भागीदार त्यांच्या गावी गेलो. दारात दोन म्हशी, परड्यात गवत, आणि ते स्वतः धार काढत बसलेले. मोबाइलमधली कुस्ती म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आन पाठ कुनाची लागायची त्यात?" भागीदार म्हणाला, खेळणाऱ्याची, नाहीतर समोरच्याची. आबा हसले आणि तयार झाले.

कुपवाडला लेथच्या आवाजात रेकॉर्डिंग होणं शक्यच नव्हतं. मी वडिलांच्या हळदीच्या गोडाऊनमध्ये पोती रचून एक खोली केली. पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही, छान कोरडा येतो. पहिल्या दिवशी आबांना इतक्या शिंका आल्या की अर्धा तास वाया गेला. नाक पुसत ते म्हणाले, "आखाड्याच्या मातीत बी हळदच असती, पोरी. पर तितं शिंक येत न्हाई, तितं भ्या असतं." तीन दिवस ते सकाळच्या एसटीनं यायचे, पांढरा शर्ट आणि फेटा घालून. गोडाऊनमध्ये त्यांना बघायला कोणी नव्हतं, तरी फेटा. फेट्याशिवाय तोंडातून कुस्ती निघत नाही म्हणायचे.

मी त्यांना प्रसंग सांगायचे आणि ते बोलायचे. सुरुवातीची सलामी, ढाक डाव लागला, एकचाक डाव लागला, वेळ संपत आली. सगळं झरझर. खेळणारा हरला की काय म्हणायचं, तिथं मात्र ते अडले. मी लिहून आणलेला कागद त्यांनी घडी घालून परत दिला. 'हरला' हा शब्द ते माइकवर उच्चारत नसत. तीस वर्षांत उच्चारला नव्हता. जिंकणाऱ्याचं नाव एकदा घ्यायचं आणि पडलेल्याचं दोनदा, गावासकट आणि वस्तादासकट, आणि त्यानं कोणता डाव कसा राखला होता ते सांगायचं. "पाठ मातीला लागती," ते म्हणाले, "नाव लागू द्याचं न्हाई." मग त्यांनी हरण्यासाठी वीसेक वाक्यं त्यांच्या मनानं दिली. एकाहून एक सुंदर. आज ती माझ्याकडे नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहाला थांबलो. रेकॉर्डर मी बंद केला होता. मी विचारलं, "आबा, हा नेम कुणी घालून दिला तुम्हाला?"

त्यांनी बशीत फुंकर घातली. मग म्हणाले, ते स्वतः पैलवान होते. एकोणीस-वीस वर्षांचे असताना मोठ्या मैदानात पहिली नेमलेली कुस्ती मिळाली. सगळं गाव गाडी करून आलेलं, वडील पुढं बसलेले. दोन मिनिटांत चीत झाले. ते अजून मातीत पडलेले असतानाच तेव्हाचा निवेदक माइकवर म्हणाला, ऊठ गड्या, घरी जा, म्हशी राख. मैदान हसलं. वडीलही हसले, कारण सगळेच हसत होते. त्यानंतर आबांनी लंगोट लावला नाही. घरी आले आणि खरोखरच म्हशी राखल्या. बऱ्याच वर्षांनी गावच्या मैदानात निवेदक आला नाही म्हणून कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला, त्या दिवशी त्यांनी मनाशी हा नेम केला.

"ही गोस्ट कारभारणीला बी कवा सांगितली न्हाई," ते म्हणाले. "हळदीनं डोस्कं फिरलंय माजं."

मी ऐकलं. माझे डोळेही भरले होते, खोटं कशाला बोलू. आणि त्याच गोष्टीतलं वाक्य मी पुढं चोरलं.

झालं असं. गेम जवळजवळ तयार झाल्यावर आम्ही इंजिनिअरिंग कॉलेजची काही पोरं खेळायला बोलावली. ती जिंकली की नाचायची आणि हरली की आबांचं सुंदर वाक्य ऐकून फोन खाली ठेवायची. एवढं समाधान करून घरी पाठवल्यावर माणूस परत कशाला खेळेल? भागीदार म्हणाला, हरल्यावर टोचलं पाहिजे, अंगाची आग झाली पाहिजे, मग बोट पुन्हा बटणावर जाईल. मी म्हटलं, आबा टोचणारं बोलणार नाहीत. तो म्हणाला, मग दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घेऊ. विषय संपला होता. दुसरा आवाज घेतला असता तर बिघडलं काय असतं?

पण मला दुसरा आवाज नको होता. आणि त्याहून खरी गोष्ट म्हणजे, मला जमतंय का ते बघायचं होतं. तीन दिवसांचं रेकॉर्डिंग माझ्यासमोर पडलं होतं. 'ऊठ गड्या, अजून वेळ हाय' यातला 'ऊठ गड्या' अख्खा मिळाला. 'घरी आई वाट बघती' यातला 'घरी'. 'सरळ अंगावर जा' यातला 'जा'. 'म्हशी' सापडायला वेळ लागला. पैलवानाच्या खुराकाबद्दल बोलताना एकदा आला होता. आणि 'राख' घेतला तो 'समोरच्याचा मान राख' यातून. तुकडे जोडले, आवाजाची पट्टी थोडी वर-खाली केली, मध्ये त्यांचाच एक श्वास ठेवला म्हणजे सांधा कळू नये. तासाभरात वाक्य तयार. ऊठ गड्या, घरी जा, म्हशी राख. मी चारदा ऐकलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरले. इतकं सफाईदार काम मी तोवर केलं नव्हतं.

दोघांना ऐकवलं. भागीदार हसून हसून टेबलावर आडवा झाला. आटपाडीचा मित्र हसला नाही, त्यानं फक्त विचारलं, "आबांनी दिलं हे?" मी म्हटलं, तात्पुरतं आहे, नंतर काढू. भागीदार म्हणाला, आवाज वापरायच्या कागदावर त्यांची सही आहेच की. सही होती. कागदावर माणूस सही करतो ती बोललेल्या शब्दांवर, न बोललेल्या शब्दांवर कशी करणार, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण वाक्य घातल्यावर कॉलेजची ती पोरं परत परत खेळत होती आणि ते बघून मी फुगले होते. 'तात्पुरतं' ते तसंच गेममध्ये गेलं.

गेम चालला. आमच्या मानानं खूपच चालला. लोकांनी मैदान वाखाणलं, मातीचा रंग वाखाणला, आणि वाक्य तर उचलून धरलं. कुणीतरी तेवढंच कापून फोनवर फिरवायला सुरुवात केली. क्रिकेटमध्ये कुणी बाद झाला की ते वाक्य. ग्रामपंचायतीला कुणी पडला की ते वाक्य. माझ्या चुलतभावानं ते माझ्याच फोनवर मला पाठवलं, हसणाऱ्या तोंडांसकट. मी त्याला हसणारं तोंड परत पाठवलं. आबा साधा फोन वापरत. त्यांच्यापर्यंत हे जाणार नाही असं मी धरून चालले होते.

साताऱ्याकडच्या एका जत्रेत ते त्यांच्यापर्यंत गेलं. तिथे मी नव्हते, त्यांनीच मला नंतर सांगितलं. एक तरणा पैलवान पडला. आबा नेहमीसारखं त्याचं नाव दोनदा घेत होते, तेवढ्यात मागून चार-पाच पोरांनी एकदम फोन वर धरून ते वाक्य लावलं. माइकवर आबांचा आवाज आणि मागून फोनवर आबांचाच आवाज. मैदान खदखदलं. पडलेल्या पोराचे वडील फौजेतून रिटायर झालेले. ते गर्दीतून उठून सरळ आबांपाशी आले आणि हळूच म्हणाले, "आवं आबा, माइकवर एक आन मोबाइलवर एक, आसं कसं हो तुमचं?" आबांना काही कळेना. मग कुणीतरी त्यांच्या कानाला फोन लावला.

त्यानंतर आठवड्याभरात ते कुपवाडला आले. भागीदार आणि आटपाडीचा मित्र बाहेर गेले होते. जिन्यावर त्यांची पावलं ऐकली आणि मला कळलं कोण आहे. चोराच्या मनात चांदणं. फेटा नव्हता. त्यांना मी पहिल्यांदाच बोडक्या डोक्यानं बघत होते. ते रागावले असते, ओरडले असते, तर मी पाया पडले असते असं मला अजून वाटतं. ते तसं काहीच करत नव्हते. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी मला खाली लेथवरच्या कामगारालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं.

"पोरी, तू व्हतीस तितं तिनी दिस. म्या आसं कवा म्हटलं?"

मी गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"मला आठवंना झालंय. वय झालं. पर शबूद त्येच हायती, त्या मैदानातलं. पोटात इतकी वर्सं कुजत व्हते, बोलता बोलता आलं का काय भाईर? तुला म्हाईत आसंल. सांग खरं. म्या म्हटलं का?"

तीन दिवस ज्या आवाजाचा प्रत्येक श्वास मी कापून बघितला होता, तो आवाज मला विचारत होता की मी काय बोललो. उत्तर एवढंसं होतं. नाही आबा, तुम्ही नाही, मी. तीन शब्दसुद्धा पुरले असते. मला काय वाटलं ते आठवतं: ते भागीदाराला सांगतील, गावात सांगतील, माझ्या वडिलांच्या कानावर जाईल, त्यांच्याच गोडाऊनमध्ये बसून लेकीनं हे केलं म्हणून. आणि माझं ते सफाईदार काम सगळ्यांसमोर चोरी ठरेल. हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं.

"आठवत नाही आबा," मी म्हटलं. "बोलण्याच्या ओघात गेलं असेल."

त्यांनी मान हलवली. हळूहळू दोनदा, जणू डॉक्टरनं सांगितलेला आजार त्यांना आधीच ठाऊक होता. "मंग गेलंच," ते म्हणाले. "तेवढं काडून टाका जमलं तर." मी म्हटलं, आजच काढते. त्यांनी हात जोडले. मला. मी पाणी द्यायचंही विसरले.

ते जिना उतरून जायच्या आत मी ती फाइल उघडली. पडद्यावर वाक्य दिसत होतं, तुकड्यातुकड्यांचं, सांधे स्पष्ट. कुणी बघितलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हे जोडलेलं आहे. मी ती फाइल पुसली. मग आठवलं की मूळ रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात हे वाक्य कुठेच नाही हेही कळेल. तेही पुसलं. तिन्ही दिवस. ती वीस सुंदर वाक्यं, शिंका, सलामी, सगळं. संध्याकाळी दोघे आले तेव्हा मी सांगितलं, आबा येऊन गेले, ते वाक्य काढायचं आहे. भागीदारानं कुरकुर केली, पण काढलं. लोकांच्या फोनमधून मात्र ते कोण काढणार? ते अजून फिरतं.

पुढे कळलं की आबा त्या पडलेल्या पोराच्या घरी फेटा आणि नारळ घेऊन गेले, आपली जीभ घसरली असं त्यांनी त्याच्या वडिलांसमोर कबूल केलं, आणि ते पोराला फेटा बांधून आले. त्या वर्षी गावच्या जत्रा कमिटीला त्यांनी सांगून टाकलं की माझ्या तोंडाचा भरवसा राहिला नाही, दुसरा माणूस बघा. त्यांच्या जागी आलेला निवेदक तरुण आहे. पडलेल्याची टर उडवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही, आणि लोक हसून दाद देतात. ती टर उडवायची रीत कुठून आली, हे त्या मैदानात एकालाही माहीत नाही. मला माहीत आहे.

स्टुडिओ पुढे दीड-दोन वर्षांत बंद झाला. चौथा गेम अर्धाच राहिला, भागीदार वडिलांच्या धंद्यात गेला, आटपाडीचा मित्र बंगळूरला. मी आता घरी बसून बाहेरच्या कंपन्यांच्या गेमचे आवाज साफ करते. पावलांचे, दारांचे, पावसाचे. माणसांचे शक्यतो घेत नाही.

आमच्यात पर्युषण संपलं की क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागायची. आई घरोघर फिरते. भांडीवालीच्या, भाजीवाल्याच्यासुद्धा समोर हात जोडते. मी इतकी वर्षं फोनवर एक तयार संदेश सगळ्यांना पाठवून मोकळी व्हायचे, हात जोडल्याच्या चित्रासकट. गेल्या वर्षी तो पाठवता पाठवता माझ्या लक्षात आलं की यादीत आबांचा नंबर आहे, म्हणजे संदेश त्यांनाही चाललाय, दरवर्षी जातोय, आणि त्यांच्या साध्या फोनवर तो उघडतसुद्धा नसेल. मला माझीच किळस आली. दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि गेले.

ते परड्यात होते. खूप वाळले होते, पण मला आवाजावरून ओळखलं. काकी, त्यांच्या कारभारीण, चुलीपाशी होत्या, तिथून सगळं ऐकू येत होतं, तरी मी बोलले. आता थांबले तर पुन्हा जमणार नाही हे मला पक्कं कळलं होतं. सगळं सांगितलं. शब्द कुठून कुठून उचलले ते सांगितलं, 'राख' कुठल्या वाक्यातला ते सांगितलं, खोटं बोलले ते सांगितलं, फाइली पुसल्या ते सांगितलं. "आबा, तुम्ही ते वाक्य माइकवर बोललाच नव्हता. तुमची जीभ घसरली नव्हती. ते मी केलं."

आबांनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं काहीतरी आलं. पडलेल्या पैलवानाकडे बघून बोलताना त्यांचा चेहरा कसा होत असेल, तसा.

"लय लांबनं आलीस पोरी," ते म्हणाले. "म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटावं म्हनून."

"आबा, मी खरं सांगतेय."

"तवा इचारलं, तवा म्हनलीस गेलं आसंल. आज म्हन्तीस न्हाई गेलं. खरं येकच आसतंय नव्हं?" त्यात राग नव्हता, समजूत घालत होते ते माझी. "आन आसं बघ. तू तर कवा मैदानात आली न्हाईस. हे शबूद तुला ठावं कसं आसनार?"

"तुम्हीच सांगितले होते. चहा पिताना. रेकॉर्डर बंद असताना."

मला वाटलं, आता पटलं. ते म्हशीच्या दाव्याच्या गाठीवरून बोट फिरवत राहिले.

"म्हंजे म्हटलं व्हतं म्या," ते म्हणाले. "बघ. मला वाटलंच."

मी काहीतरी बोलायला लागले, गोष्ट सांगणं वेगळं, माइकवर बोलणं वेगळं, असलं काहीतरी. माझ्याकडे दाखवायला एक तुकडासुद्धा नव्हता. आणि इतक्या वर्षांनी त्यांच्या हातातून ते ओझं काढून घ्यायचं तर त्यांना त्या जागी माझ्यावरचा विश्वास धरावा लागला असता, आणि तो तर मीच संपवला होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत वळून काकींना हाक मारली.

"आगं, ऐकलंस का? ही पोर माजा डाग आपल्या आंगावर घ्याला आलीया सांगलीस्नं. कोन करतंय आजकाल? हिला जेवल्याबगार सोडू नगंस."

काकींनी पदरानं डोळे पुसले आणि ताट वाढलं. भाकरी, मुगाची आमटी, घरच्या म्हशीचं दही. आबा शेजारी बसून दही वाढत राहिले, आणि मी जेवले.